निलंबित खेळाडूला सरावाला येऊ द्यावे का? (गेलिक फुटबॉल)

लिफीकाठ

मंडळी, गेले दहा दिवस आमच्या घरात एकाच विषयावर बोलणे चालू आहे आणि ते काही केल्या तडीस जात नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आम्ही डब्लिनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि ७ वर्षांचा असल्यापासून इथल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चभोवतीच्या वस्तीच्या, क्लबकडून गेलिक फुटबॉल हा आयरिश खेळ खेळतो. लीगच्या गेल्या सामन्यात विरुद्ध संघाचा बचावपटू बराच वेळ त्याची जर्सी मागून ओढत होता. शेवटी याने वळून त्याला कोपर मारले. पंच दहा पावलांवर उभे होते, त्यांनी सरळ लाल कार्ड दाखवले. कार्ड योग्यच होते, याबद्दल घरात दुमत नाही, मुलाचेही नाही. एका सामन्याची बंदी आली, ती आम्ही मान्य केली आणि त्याने त्या बचावपटूला निरोप पाठवून माफीही मागितली.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पुढचा सामना तीन आठवड्यांनी आहे आणि कोचने त्याला सांगितले आहे की, तो सामना पार पडेपर्यंत मंगळवार-गुरुवारच्या सरावालाही यायचे नाही. गेल्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मी कामावरून आलो, तेव्हा त्याची बॅग नेहमीप्रमाणे भरून दाराशी ठेवलेली होती, गमशील्डची (दातांच्या कवचाची) डबी वरच्या कप्प्यात होती आणि हा जिन्याच्या पायरीवर बसून बुटांच्या तळाचा वाळलेला चिखल काडीने काढत होता. जायचे नाही हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने बॅग भरली होती.

बंदी सामन्याची आहे, मग सरावाची शिक्षा कशासाठी? मला हे अन्यायाचे वाटते, पण मी बाप आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणारच. ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला आहे त्यांनी स्पष्ट लिहावे.

कृष्णाकाठ

लिफीकाठ, हा खेळ मी कधी पाहिलेला नाही, म्हणून आधी एक प्राथमिक शंका विचारतो. या खेळाडूंना मानधन मिळते का? तसे असेल तर बंदीच्या काळात पैसे कापले जातात, तीच शिक्षा पुरेशी होत नाही का?

लिफीकाठ

कृष्णाकाठ, मुद्दा नेमका तोच आहे. मानधन कोणालाच मिळत नाही. १८८४ मध्ये टिपरेरी परगण्यातल्या थर्ल्स गावी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, स्थापन झाली आणि आजही तिचे खेळाडू हौशीच आहेत. अखिल आयर्लंड अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२,३०० प्रेक्षकांपुढे खेळणारा शिक्षक किंवा सुतारसुद्धा सोमवारी सकाळी आपल्या कामावर असतो.

खेळाचे थोडक्यात सांगायचे तर एका बाजूला १५ जण असतात. चेंडू हातात घेऊन चारच पावले टाकता येतात, मग तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाने हलकेच उडवून परत हातात घ्यावा लागतो. खांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण, आणि दांडीवरून गेला तर १ गुण. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्याला २ गुण मिळतात.

मुख्य गोष्ट अशी की, क्लब पॅरिशचा असतो. मुलाचे शाळासोबती, शेजारी, किराणा दुकानातला माणूस, सगळे त्याच क्लबचे. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या कुटुंबासाठी तर या गावात पाय रोवण्याची ती एकमेव जागा होती. त्यामुळे सराव बंद म्हणजे केवळ व्यायाम बंद असे होत नाही.

जुनासभासद

लिफीकाठ, तुमच्या मुलाबद्दल वाईट वाटते, पण मी कोचच्या बाजूने आहे. लिमरिकमध्ये २२ वर्षे राहतो आहे, त्यातली ९ वर्षे एका क्लबच्या कार्यकारिणीत होतो.

पैसे नाहीत, करार नाही, दंड नाही. अशा खेळात माणसाकडून काढून घेण्यासारखे असते तरी काय? खेळणे, एवढेच. एका सामन्याची बंदी म्हणजे साठ मिनिटे कुंपणाबाहेर उभे राहणे. बाकी सारे जसेच्या तसे चालू राहिले, तर खेळाडूच्या मनावर त्याचा ओरखडाही उमटत नाही. मी असे खेळाडू पाहिले आहेत जे रविवारी लाल कार्ड घेतात आणि मंगळवारी सरावात त्याच किश्श्यावर टाळ्या घेतात. शेजारी उभी असलेली सोळा-सतरा वर्षांची पोरे ते पाहत असतात. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण मला अशा वेळी आठवते.

कोचला संघ सांभाळायचा असतो. त्याने तीन आठवडे दार बंद ठेवले, तर त्याने पुढच्या दहा लाल कार्डांचा विचार केला आहे असे समजा.

नियमावली

दोन्ही बाजूंनी भावना मांडल्या गेल्या आहेत, म्हणून मी कागदाकडे वळतो.

जीएएमध्ये निलंबन दोन प्रकारचे असते, सामन्यांचे आणि मुदतीचे. प्रतिस्पर्ध्याला मारल्याबद्दल किमान एका सामन्याची बंदी येते, आणि तिचा अर्थ त्या खेळात, त्या पातळीवरचा पुढचा सामना खेळण्यास अपात्रता, इतकाच असतो. पंचाच्या अंगाला हात लावण्यासारख्या अपराधांना आठवड्यांची मुदत लागते. लिफीकाठ यांच्या मुलाला पहिल्या प्रकारची बंदी आहे आणि तिच्यात सराव येत नाही. कोचने घातलेली बंदी ही कोचची स्वतःची आहे. तिला नियमाचा आधार नाही आणि नियमाची आडकाठीही नाही, कारण कोणाला सरावाला बोलवावे हे संघच ठरवतो.

फरक मात्र मोठा आहे. नियमाने दिलेल्या शिक्षेआधी पंचाचा अहवाल असतो, प्रस्तावित शिक्षा कळवली जाते, ती मान्य नसेल तर सुनावणी मागता येते, त्यावर अपील आहे आणि शेवटी तंटा निवारण प्राधिकरण आहे. २०१५ मध्ये डब्लिन परगण्याच्या संघातल्या डिअर्मिड कॉनलीला मेयो परगण्याविरुद्धच्या अखिल आयर्लंड उपांत्य सामन्यात लाल कार्ड मिळाले होते. फेरसामन्याच्या दिवशी पहाटेपर्यंत सुनावणी चालली आणि प्राधिकरणाने बंदी उठवली. तो निकाल योग्य होता की नाही यावर इथे आजही वाद होतात, पण वाद घालायला निकाल तरी होता. कोचने गाडीजवळ उभे राहून दिलेल्या शिक्षेला ना कागद असतो, ना दाद.

जुनासभासद

कॉनलीचेच उदाहरण पुढे नेतो. २०१७ मध्ये कार्लोविरुद्धच्या सामन्यात त्याने सीमापंचाच्या अंगाला हात लावला, १२ आठवड्यांची बंदी आली आणि त्याने ती न लढवता स्वीकारली. ऑगस्टअखेरीस मुदत संपताच तो टायरोनविरुद्ध उपांत्य सामन्यात बदली म्हणून आला. सप्टेंबरमध्ये मेयोविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतरानंतर उतरला आणि शेवटी ज्या फ्री किकवर डीन रॉकने विजयी गुण मारला, ती कॉनलीनेच मिळवून दिलेली होती. डब्लिन १-१७, मेयो १-१६ (आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा गुणांचा). बारा आठवडे घरी बसलेल्या माणसाच्या पायांत असे बळ राहत नाही. मेयोच्या माणसाला विचारा की त्या शिक्षेत शिक्षा कुठे होती.

शिट्टीवाला

जुनासभासद काका, मी गॉलवे परगण्यात क्लब पातळीवर पंचगिरी करतो, म्हणजे लाल कार्ड दाखवणाऱ्याच्या बाजूने लिहितो आहे. त्यामुळे मी काय लिहिणार हे तुम्ही गृहीत धरले असेल, पण माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे.

कॉनलीने त्या वर्षी लेन्स्टर प्रांताचा उपांत्य सामना, अंतिम सामना आणि अखिल आयर्लंड उपांत्यपूर्व सामना गमावला. हौशी खेळाडूला एका मोसमात मोजून काही दुपारी मिळतात आणि त्याच्यासारख्याची उमेदीची वर्षे सात-आठ असतात. त्यातला एक अख्खा उन्हाळा गेला. याला शिक्षा नाही म्हणणे मला पटत नाही.

पॉल गॅल्विनचेही तसेच. २००८ मध्ये केरीचा कर्णधार असताना त्याने पंच पॅडी रसेल यांच्या हातातली टिपणवही फटका मारून खाली पाडली. त्या फटक्याचा अर्थ माझ्यासारख्याला चांगला कळतो, कारण भर सामन्यात आमच्याजवळ शिट्टी आणि ती वही एवढेच असते. बंदी आधी २४ आठवड्यांची होती, अपिलात ती १२ वर आली. गॅल्विन टायरोनविरुद्धच्या अंतिम सामन्यात बदली म्हणून उतरला, केरी हरले. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, तो देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. माणूस खेळात टिकला, म्हणून सुधारायला जागा मिळाली.

आता माझा अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी पावसाळी रविवारी एका ज्युनियर सामन्यात मी एका तरुणाला बाहेर काढले. त्याने जाता जाता माझ्या आईवरून शिवी दिली, ती मी अहवालात शब्दशः लिहिली. त्याच्या क्लबने त्याला महिनाभर मैदानाच्या आसपास फिरकू दिले नाही. त्यांना वाटले, पंच खूश होतील. तो मुलगा पुन्हा कधी खेळला नाही. पुढच्या वर्षी त्याच क्लबच्या सामन्याला गेलो तर तो पार्किंगमध्ये एकटाच गाडीत बसून काचेतून सामना पाहत होता. मला शिवी दिली म्हणून तो महिनाभर खेळू नये एवढे मला हवे होते. त्याने खेळ सोडावा हे मला कधीच नको होते, आणि ती गाडी अजूनही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

धावपट्टी

मी पुण्याचा, क्रिकेटवेडा, पण या प्रश्नावर व्यावसायिक खेळांतले तीन दाखले बोलके आहेत, म्हणून लिहितो.

पहिला उरुग्वेचा फुटबॉलपटू सुआरेझ याचा. २०१४ च्या विश्वचषकात त्याने इटलीच्या किएलिनीला चावा घेतला. फिफाने उरुग्वेच्या ९ सामन्यांची बंदी घातली आणि शिवाय चार महिने फुटबॉलशी संबंधित प्रत्येक गोष्ट बंद केली, अगदी संघासोबतचा सरावही. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेले. लवादाने सामन्यांची बंदी कायम ठेवली, पण सरावाची बंदी अतिरेकी ठरवून ऑगस्टमध्येच काढून टाकली. हा धागा ज्या प्रश्नावर आहे त्याचेच हे उत्तर आहे आणि ते दिले कोणी, तर शिक्षा कमी करण्याचे काहीही कारण नसलेल्या त्रयस्थांनी.

दुसरा स्मिथ आणि वॉर्नर यांचा. २०१८ मध्ये केपटाऊनला चेंडूशी छेडछाड झाल्यावर क्रिकेट ऑस्ट्रेलियाने दोघांना आंतरराष्ट्रीय आणि राज्य पातळीवर १२ महिने बंद केले, पण स्थानिक क्लब क्रिकेट मुद्दाम खुले ठेवले. स्मिथ सदरलँडकडून आणि वॉर्नर रँडविक-पीटरशॅमकडून शनिवारच्या सामन्यांत खेळले. मोठे दार बंद ठेवताना गल्लीतले दार उघडे ठेवण्यात शहाणपण होते असे मला वाटते.

तिसरा मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू कँटोना याचा, आणि तो जुनासभासदांच्या उपयोगी पडेल. १९९५ च्या जानेवारीत त्याने प्रेक्षकाला लाथ मारली, सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने बंद दाराआड रॉचडेलविरुद्ध सराव सामना ठेवला आणि त्यात त्याला खेळवले, तेव्हा इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने हरकत घेतली. सराव कुठे संपतो आणि सामना कुठे सुरू होतो, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. तेव्हा लिफीकाठ, सरावाला हो म्हणा, पण शेजारच्या पॅरिशच्या संघाविरुद्धच्या ‘मैत्रीपूर्ण’ सामन्याला मी नाहीच म्हणेन.

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मूळ मुलुंडची, आता किल्डेअरमध्ये असते. या चर्चेत शरीराचा मुद्दा कोणी काढलेला नाही.

गेलिक फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त आढळणारी दुखापत म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची. पूर्ण वेगाने धावण्याची सवय तुटली आणि मग एकदम सामन्यात धावावे लागले, की हा स्नायू दगा देतो. तीन आठवडे सराव नाही आणि चौथ्या आठवड्यात थेट साठ मिनिटे, हा दुखापतीला धाडलेला आवतणाचा नारळ आहे. घरी एकट्याने पळणे वेगळे. वळणे, थांबणे, हवेत उडी मारून चेंडू पकडताना दोघांच्या धक्क्यात खाली येणे, हे एकट्याने करता येत नाही.

लिफीकाठ दादा, कोच ऐकणार नसतील तर निदान आठवड्यातून दोनदा मित्राला घेऊन मुलाला पूर्ण वेगाच्या धावा काढायला लावा. परतताना पहिल्या सामन्यात वीस मिनिटेच खेळवा.

कोर्ककरीण

सगळ्यांचे वाचले. निलंबित मुलाबद्दल सर्वांनी लिहिले, पण त्याच्या जागी येणाऱ्या मुलाबद्दल कोणी एक ओळही लिहिली नाही.

माझी मुलगी कोर्कमध्ये मुलींच्या संघात खेळते. दोन वर्षे ती राखीव होती. त्यांची मिडफिल्डर निलंबित झाली आणि हिला पहिल्यांदा संघात जागा मिळणार होती. त्या दोन आठवड्यांत काय झाले ते मी कुंपणापलीकडून पाहिले आहे. निलंबित मुलगी सरावाला येत होती आणि सवयीने कोच तिलाच मुख्य पंधरांत उभी करत होत्या. माझी मुलगी नेहमीसारखी दुसऱ्या बाजूला, राखिवांचे रंगीत बिब घालून. रविवारी सामन्यात ही मिडफिल्डला उतरली तेव्हा शेजारच्या खेळाडूंच्या धावांचा हिला काहीच अंदाज नव्हता, कारण त्यांच्यासोबत ती एकदाही खेळलेली नव्हती. मध्यंतराला तिला बाहेर काढले. घरी येताना गाडीत ती म्हणाली, “आई, मला जागा दिली, पण सराव दिला नाही.”

म्हणून माझे म्हणणे असे की, येऊ द्यायचे की नाही हा प्रश्न अपुरा आहे. आल्यावर त्याला कुठे उभे करणार, हे आधी सांगा.

लिफीकाठ

कोर्ककरीण ताई, तुमचे वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकलो नाही. आमच्या मुलाच्या जागी येणारा मुलगा मला माहीत आहे. तो आमच्याच रस्त्यावर राहतो, मी त्याला कितीतरी वेळा गाडीतून घरी सोडले आहे, आणि या सगळ्या दहा दिवसांत त्याचा विचार माझ्या मनात आला नाही. आज मुलाला विचारले. तो म्हणाला की तो स्वतःहून राखिवांच्या बाजूने खेळेल, फक्त येऊ द्यावे.

शिट्टीवाला

ताईंचा मुद्दा अगदी रास्त आहे. आणि तो मान्य केला तर कोचचाही फायदाच होतो. पावसाळी गुरुवारी बावीस-तेवीस जण आले तर नशीब, पंधरा विरुद्ध पंधरा कधी पुरे पडत नाहीत. समोरच्या बाजूला एक पक्का खेळाडू उभा राहिला, तर नव्या मुलाला खरी कसोटी मिळते.

नियमावली

सरसकट ‘येऊ द्या’ म्हणण्याआधी काही अपवाद नोंदवून ठेवतो.

उत्तेजक द्रव्यांची बंदी हा पूर्णपणे निराळा विषय आहे. तिथे जागतिक संहिता लागू होते आणि बंदीच्या काळात संघासोबत सराव करता येत नाही. परतण्याची मुभा शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा पाव हिस्सा, यांपैकी जो कालावधी कमी असेल तेवढीच मिळते. कारण सरळ आहे, औषधाने कमावलेले बळ मैदानावर नव्हे, सरावात कमावलेले असते. अपराध जिथे घडला तिथेच शिक्षा पोचते.

तोच न्याय सरावात सहकाऱ्याला मारणाऱ्याला लावावा. त्याला काही काळ सरावाबाहेर ठेवणे योग्यच आहे. मुलांच्या सुरक्षिततेविषयी चौकशी चालू असेल तर त्या व्यक्तीने मैदानाच्या आवारातही येऊ नये, तिथे चर्चेला जागा नाही.

आणि २०२१ चा वसंत ऋतू इथल्या सर्वांना आठवत असेल. महासाथीमुळे एकत्रित सरावच बंद होता आणि तो नियम मोडल्याबद्दल डब्लिनचे व्यवस्थापक डेसी फॅरेल यांना १२ आठवडे निलंबित व्हावे लागले, शिवाय लीगचा एक सामना घरच्या मैदानावर खेळण्याचा डब्लिनचा हक्क गेला. तेव्हा सराव हाच अपराध होता.

बंदी किती लांब पोचू शकते याचे टोकही याच संघटनेने पाहिले आहे. १९७१ पर्यंत जीएएच्या सभासदाला सॉकर, रग्बी, हॉकी किंवा क्रिकेट खेळण्यास मनाई होती, ते पाहण्यासही होती. १९३८ मध्ये आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्याला पदसिद्ध पाहुणे म्हणून गेले, म्हणून संघटनेने त्यांना आश्रयदाते पदावरून काढले. आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेला माणूस होता तो. अपराध आणि शिक्षा यांचा सांधा सुटला की काय होते, ते त्या प्रसंगात दिसते.

कृष्णाकाठ

नियमावलींचा ‘अपराध जिथे, शिक्षा तिथे’ हा मुद्दा फार पटला. आमच्या लहानपणी कबड्डी मंडळात एकाने सामन्यात पंचाशी हुज्जत घातली होती. वस्तादांनी त्याला पुढचे दोन सामने बसवले, पण रोज संध्याकाळी मैदानावर यायला लावले. पाणी मारायचे, फक्कीने रेषा आखायच्या आणि मग सगळ्यांबरोबर दम भरायचा. तो आजही त्याच मंडळात लहान मुलांना शिकवतो.

जुनासभासद

दोन दिवस विचार करून लिहितो आहे. शिट्टीवाल्यांनी पाहिलेली ती गाडी मलाही ओळखीची वाटली. आमच्या कार्यकारिणीत आम्ही असे तीन निर्णय घेतले होते आणि त्या तिघांपैकी दोघे आज कुठल्याच क्लबात नाहीत. तेव्हा आम्ही त्याचा दोष त्यांच्या स्वभावाला दिला होता. आज तसे खात्रीने म्हणवत नाही.

तरीही माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. सरावाला येऊ द्या, पण काहीच घडले नाही अशा थाटात नव्हे. पहिल्या दिवशी सर्वांसमोर कोचने दोन वाक्यांत सांगावे की काय चुकले. कोर्ककरीण ताई म्हणतात त्याप्रमाणे जागा राखिवांची असावी. आणि पंचाचा अपमान केलेला असेल, तर पंचाला भेटून क्षमा मागितल्याशिवाय सराव सुरू होऊ नये. सोळा वर्षांच्या पोरांनी हेही पाहिले पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. जिम गॅव्हिन, जे कॉनलीच्या वेळी डब्लिनचे व्यवस्थापक होते, त्यांच्याच समितीने पुढे नियमांची फेररचना केली, आणि आता पंचाशी हुज्जत घातली तर फ्री किक ५० मीटर पुढे नेली जाते. शिक्षा तिथल्या तिथे, सर्व संघाला जाणवेल अशी. माणसाला तीन आठवडे घरी बसवण्यापेक्षा ती जास्त शिकवते, हे मी गेल्या मोसमात डोळ्यांनी पाहिले.

शिट्टीवाला

काका, तुम्ही हे लिहिलेत याचे मोल मोठे आहे. त्यात माझी एक भर घालतो. निलंबित खेळाडूला सरावातल्या सामन्यात शिट्टी द्या.

एका क्लबने हे केले तेव्हा मी तिथे हजर होतो. लाल कार्ड मिळालेला धिप्पाड फुलबॅक, गळ्यात शिट्टी, वीस मिनिटे पंच. तिसऱ्याच मिनिटाला त्याच्या जिवलग मित्राने चार पावलांऐवजी सहा टाकली. याने शिट्टी वाजवली, तर मित्र दोन्ही हात पसरून अंगावर आला. त्या क्षणी त्या फुलबॅकचा चेहरा मी पाहिला. तो एक पाऊल मागे सरकला, मग जागेवर उभा राहिला आणि हाताने खूण करून फ्री किक दिली. वीस मिनिटांनी शिट्टी परत देताना त्याचा हात थरथरत होता. तो मला म्हणाला, “तुम्ही हे दर रविवारी करता?” त्यानंतर त्याच्या क्लबचे पाच-सहा सामने मी केले, त्याने मला एकदाही उलट उत्तर दिलेले नाही.

फिजिओताई

शिट्टी जरूर द्या, पण वीस मिनिटेच. उरलेला वेळ त्याला धावू द्या.

लिफीकाठ

मंडळी, कळवायला उशीर झाला.

तुमचे मुद्दे घेऊन मी कोचशी बोलणार होतो, पण मुलाने मला थांबवले आणि तो स्वतः गेला. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. राखिवांच्या बाजूने खेळेन, माझ्या जागी येणाऱ्या मुलाच्या समोर मीच उभा राहीन, आणि वीस मिनिटे शिट्टी द्या. कोच बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितले ते मला इथे लिहिले पाहिजे, कारण मी त्यांच्याबद्दल मनात वेगळेच धरून बसलो होतो. ते म्हणाले की, त्यांना स्वतःला विशीत असेच लाल कार्ड मिळाले होते, त्या वेळच्या कोचने त्यांना सरावापासून दूर ठेवले होते, आणि आपल्याला जे केले गेले तेच योग्य असावे असे ते आजवर समजत आले होते.

गुरुवारी मी कुंपणाशी उभा होतो. पाऊस होता, दिवे लागले होते, एकवीस जण आले होते. आमच्या रस्त्यावरच्या त्या मुलाने पहिल्या दहा मिनिटांत माझ्या मुलाला दोनदा चकवून गुण मारले. दुसऱ्या वेळी माझ्या मुलाने त्याच्या पाठीवर थाप मारली. शिट्टीची पाळी आली तेव्हा त्याने पहिलीच फ्री किक जर्सी ओढल्याबद्दल दिली.

कोर्ककरीण

लिफीकाठ दादा, वाचून डोळे भरून आले. सामना कधी आहे? आणि त्या दिवशी तुमचा मुलगा कुठे असेल?

लिफीकाठ

ताई, रविवारी साडेअकराला, घरच्या मैदानावर. रेषा आखण्याचे काम त्याने मागून घेतले आहे, म्हणून आम्ही नऊ वाजता निघू. त्या मुलाची आई रविवारी रात्रपाळी करून येते, तेव्हा त्यालाही आमच्याच गाडीतून नेणार आहोत.